दाराची बुरशी

कुजकं लाकूड दिसलं की सुताराचं डोकं फिरायचं. त्यातून कुजवणारा बायकोचा भाऊ.

"पिंजऱ्याच्या दाराला बुरशीचे कान फुटलेत! बदल बदल म्हणून घसा कोरडा पडला. तुला काही झालं, तर तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

प्राणिसंग्रहालयात कामाला असलेला मेहुणा पिंजऱ्यात निवांत झाडत होता. मधल्या जाळीपलीकडे परदेशातून आणलेली माणसाएवढी घोरपड पहुडली होती.

"दाजी, भ्यायचं तर हिला भ्या. एकदा चावते, मग सावज कोसळेपर्यंत मागे चालत राहते. बुरशी काय करते?"

"तेच करते, गाढवा! फक्त चालत नाही."

संतापून सुताराने दारावर मूठ हाणली. लाकूड स्वच्छ होतं, टणक होतं.

बुरशी आता मेहुण्याच्या पाठीमागच्या फळीवर होती. तो झाडत पुढे सरकला, तशी तीही सरकली.

जाळीपलीकडे घोरपड अंग चोरून कोपऱ्यात शिरली.