खिंडीतली द्वारकाआत्या

शाळेच्या पडद्यावर गणिताच्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं. गिरणीत कुणाचे पैसे जाईनात. दवाखान्यात शहरातली डॉक्टर अर्ध्या वाक्यात गायब झाली.

द्वारकाबाईची एसटी नुकतीच खिंड ओलांडून गेली होती. सरकारच्या स्वस्त इंटरनेटला टॉवर नव्हते. माणसांच्या दंडात बसवलेल्या चिपाच ते एकमेकींकडे पोचवत. गाव आणि शहर यांच्यामधल्या खिंडीत राहणारी ती एकटीच.

सरपंचाने एसटीपुढे मोटारसायकल आडवी घातली. “आत्या, उतर.”

“लेक बाळंत झालीय रे. नातू बघून येते.”

“व्हिडिओवर बघ की! तिकडं तान्याची बायको अडलीय, डॉक्टरीण दिसंना.”

डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ती उतरली, खिंडीकडे परत चालू लागली. खिंडीत पोचताच शाळेच्या पडद्यावरच्या बाईंचं वाक्य पूर्ण झालं.

चिपेसाठी गावात पहिला दंड तिनेच पुढे केला होता, लेकीशी रोज बोलता यावं म्हणून.