खिडकीसमोरची खुर्ची

संग्रहालयातल्या जुन्या चाचणी-यानात शालनताईंचे यजमान अजून तीस वर्षांचेच होते. चाचणीत इंजिन सुरू झालं आणि यानातला काळ मंदावला. बाहेर बेचाळीस वर्षं सरली, तेव्हा आत जेमतेम एक सेकंद झाला होता. दार उघडायचा धीर कुणालाच झाला नाही, म्हणून शेवटी यान इथं आणून ठेवलं. त्या दिवशी बायकोचा निरोप घ्यायला वळू लागलेली त्यांची मान या आठवड्यात पुरती वळली होती, आणि नजर गोल खिडकीला येऊन भिडली होती.

शालनताईंनी खुर्ची खिडकीसमोर ओढली.

"ताई, घटकाभर चहाला तरी चला," पहारेकरी नाईकवडे म्हणाले. "साहेब कुठं पळून जातायत?"

"एकदा गेलेच की!" त्या म्हणाल्या. "अहो, घटकाभर बसले तर ह्यांना दिसणारसुद्धा नाही मी. वर्षभर रोज बसले, तर कुठं ओझरती दिसेन."

"आणि ओळखतील का?"

शालनताईंनी स्वतःकडे एकवार पाहिलं. साडी त्या दिवसाचीच होती, पिवळी. केसांत अबोलीचा गजराही तसाच होता. मग काहीतरी आठवून त्यांनी चष्मा काढला आणि नाईकवड्यांच्या हातात दिला.

"तेव्हा चष्मा नव्हता मला."

"पण मग तुम्हाला साहेब दिसतील का?"

"नाही."

खिडकीच्या जागी आता नुसता उजेडाचा डाग उरला होता. त्या डागाकडे बघून शालनताई हसल्या, आणि ते हसू तसंच धरून बसून राहिल्या.