तिसरा प्लग

"मारा सेल्फ, भाई."

मोहिउद्दीननं चावी फिरवली. प्रभाकर मिस्त्रीनं तारेला बांधलेला पेटता बोळा बॉनेटखाली, इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरला. पिकअप खोकली, दम खाल्ला, पुन्हा खोकली आणि पांढरा धूर ओकत चालू झाली. प्रभाकरनं बोळा मातीत दाबून विझवला. आता इंजिन तापेपर्यंत ओट्यावर बसून चहा प्यायचा होता. खरं सांगायचं तर प्रभाकरची सकाळ त्या चहासाठीच उजाडत असे.

भिवंडीची थंडी ती केवढी. पण एकोणनव्वदच्या जानेवारीत ती जरा जास्तच मुक्कामाला आली होती, आणि जुन्या डिझेल इंजिनाला तेवढी पुरते. गाडी अशी जाळ दाखवून चालू करायला दोन माणसं लागतात. एक चावीवर, दुसरं जाळापाशी. मोहिउद्दीनच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको नसीबा वारल्यापासून वळ गावातल्या त्या घरात तो आणि ही पिकअप. शहरातल्या लूमवरचे कापडाचे तागे भरायचे, राहनाळच्या गोदामात टाकायचे आणि संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरायचं. एका गार सकाळी गाडी अडली, तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधून प्रभाकरला बोलावून घेऊन आला.

प्रभाकरही एकटाच. बायको सरोजिनी गेल्यावर तो गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायला आला होता. दिवसभर माणसांचा राबता असे, पण जो येई तो गाडीचं दुखणं सांगे. मिस्त्री जेवला का, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे. मोहिउद्दीननं ते पहिल्याच सकाळी विचारलं होतं. त्या दिवशी प्रभाकरला दुपारपर्यंत उगाचच बरं वाटत राहिलं.

गाडीतली खोट त्याला दुसऱ्याच दिवशी सापडली. चालू होण्याआधी इंजिन आतून तापवायला चार हीटर प्लग असतात. या गाडीत ते दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले. एक गेला की चारही गार. इथे तिसरा गेला होता. नवा बसवायचा की काम संपलं. प्रभाकरनं तो जळका प्लग पाहिला, होता तसा परत बसवला आणि म्हणाला, बघावं लागेल.

मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यानं कधी बॅटरीची टोकं घासली, कधी डिझेलचा फिल्टर साफ केला, कधी नळीतली हवा काढली. मोहिउद्दीन शेजारी उभा राहून शहाण्यासारखी मान डोलवायचा. गाडी काही आपणहून चालू व्हायची नाही. मग बोळा पेटायचा आणि मागून चहा यायचा. आपण मित्राला फसवतोय हे प्रभाकरला ठाऊक होतं. रोज रात्री तो ठरवायचा, उद्या प्लग बदलायचा. सकाळी ओट्यावर दोन कप दिसले की तो 'उद्या' आणखी एक दिवस पुढे जायचा.

आज चहा पिताना मोहिउद्दीननं बातमी सांगितली. मुंब्र्याची लेक जोहरा येऊन गेली होती. बापाच्या गाडीला रोज जाळ दाखवावा लागतो, हे तिला कळलं होतं. शुक्रवारी माग बंद, तेव्हा जावई गिऱ्हाईक घेऊन येणार होता. गाडी धड चालली तर जोहराचं काही म्हणणं नव्हतं. नाहीतर गाडी विकायची आणि बापानं मुंब्र्याला जाऊन राहायचं.

प्रभाकरनं कप खाली ठेवला. आपण चहाची चोरी करतोय, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. इथे तर माणसाचं घरच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो नवा प्लग घेऊन लवकरच गेला. प्लग बसला की सकाळचं बसणं संपणार होतं. पण म्हातारा वळमध्ये तरी राहिला असता. चोराच्या मनात चांदणं, म्हणून त्यानं मोहिउद्दीन पहाटेच्या, फजरच्या नमाजाला गेल्याची वेळ साधली. बॉनेट उघडून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

तिसरा प्लग कोरा करकरीत होता. त्याची तार मात्र सोडवलेली होती. टोकाला कापडाची चिंधी नीट गुंडाळून ती बाजूला वळवून ठेवली होती.

मशिदीतून परतलेला मोहिउद्दीन मागे येऊन उभा राहिला. हा प्लग कोणी बदलला, प्रभाकरनं विचारलं. मोहिउद्दीन म्हणाला, मागे मयतीला अंबाडीला गेलो, मुक्काम पडला, सकाळी गाडी अडली. तिथल्या मिस्त्रीनं बघता बघता बदलून दिला.

प्रभाकरनं खाली मान घालून चिंधी काढली आणि तार जोडली. मोहिउद्दीननं चावी फिरवली. गाडी लगेच चालू झाली. बोळा नाही, धूर नाही. आता विकायचं कारण उरलं नाही आणि प्रभाकरला थांबायचंही. तो हात पुसत उभा राहिला.

"भाई, मग तार कोणी सोडवली?"

मोहिउद्दीननं इंजिन बंद केलं.

"तो अंबाडीवाला बोलला, ही खोट न कळणारा मिस्त्री भिवंडीत न्हाय. तुमचा मिस्त्री मुद्दाम लपवत असंल. ऐकून मला लई बरं वाटलं. घरी आलो आणि तार मीच सोडवली."