नात्याचा रकाना

ड्रमभोवती एक एक पाऊल सरकत तेजराम काच घासत होता. पुढे, मागे, जराशी वळवून पुन्हा पुढे. खालची काच ड्रमवर पक्की बसवलेली, वरची त्याच्या तळव्याखाली, मधे पाणी आणि करकरणारी पूड. सुमेध शेजारी उभा राहून फेऱ्या मोजत होता. वरची काच घासून घासून मधे खोलगट झाली की तिचा आरसा होणार होता, आणि त्या आरशाची मोठी दुर्बीण. दर रविवारी सकाळी दोन तास हेच चालायचं.

प्रेमला खुर्चीत बसून बघत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सेक्टर दहामधलं क्वार्टर सोडून ती महिनाभर लेकाकडे, सुमेधच्या वैशाली नगरातल्या घरी, राहायला आली होती. या घरात जो आधी उठेल तो चहा ठेवतो, हे तिनं पहिल्याच आठवड्यात पाहिलं. कधी भांडले तरी जेवायला दोघं एकत्रच बसतात, हेही पाहिलं. त्यांची जुनी, लहान दुर्बीण गच्चीवर असायची. शेजारच्या तुळसाबाईंनी शनीच्या धाकानं आयुष्यभर शनिवार धरलेले; या दोघांनी त्यांना शनीच दाखवला. तुळसाबाई काचेला डोळा लावून म्हणाल्या, "इतका साजरा हाय बाप्पा! हा कोनाचं कावून वाईट करन?"

तरी बुद्धविहारातल्या बायका भेटायला आल्या की प्रेमला तेजरामची ओळख "रूममेट" अशीच करून द्यायची. तो चहाचे कप ठेवून आत निघून जायचा.

जिन्यात पावलं वाजली. खाली राहणारे घरमालक भय्याजी वर आले. त्यांच्या हातात नवा किरायानामा होता.

"सही करा अन् मोकळे व्हा," ते म्हणाले. "फक्त इथं दोघांचं नातं लिहा. चुलतभाऊ. मोहल्ल्यातले लोक मले विचारून राहिले. माह्यी काही हरकत नाही, पण कागदावर एक शब्द पाहिजे न."

तेजरामनं काच थांबवली. सुमेध म्हणाला, "आमी चुलतभाऊ नाही भय्याजी. जोडीदार आहोत. तसं लिहा, नाही तर रकाना रिकामा ठेवा."

"रिकामा चालत नाही. अन् तसं तर बिलकूलच नाही." भय्याजी प्रेमलाकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा. हा पोरगा तुमचा कोन लागते?"

प्रेमलाची नजर घरभर फिरली. स्वयंपाकघराच्या खिडकीतला उजेड, वर मोकळी गच्ची. या दोघांना असं घर पुन्हा कोण देणार?

"माह्या दिराचा पोरगा व्हय," ती म्हणाली.

भय्याजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि पेन पुढे केला.

तेजराम हात पुसत प्रेमलाजवळ आला. तिच्या पायाखालची उशी सरकली होती, ती त्यानं नीट केली. मग भय्याजींना आपल्या हिंदीत म्हणाला, "आई हमारे लिए बोल रही हैं. लेकिन ये सच नहीं है. मत लिखिए."

भय्याजींनी पेन परत खिशात ठेवला. "मंग महिन्याभरात घर खाली करा," असं म्हणताना त्यांचाही आवाज पडला होता.

ते गेल्यावर प्रेमला उसळली. "एक शब्द होता रे! काय जात होतं तुमचं?"

सुमेध तिच्यासमोर फरशीवर बसला. "लहानपनी रोज सकाळी माह्याकडून कोन म्हणून घ्यायचं आई? मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. तूच शिकवलं. हे घर करतानी आमी दोघांनी तेवढं एकच ठरवलं होतं."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे उठला आणि कांदे चिरायला बसला. तेजरामनं काच धुऊन कापडात गुंडाळली आणि कुकर लावला. दिराच्या पोराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा प्रेमला म्हणाली, "माही काठी दे."

"कुठं चालली?"

"घर पाहाले."

जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. आधी दुखरा पाय, मग चांगला. तेजराम एक पायरी पुढे, सुमेध एक पायरी मागे. तिसऱ्या गल्लीत एका फाटकावर पाटी दिसली, मकान किराये से देना है. सुमेधनं बेलकडे हात नेला. तिनं तो बाजूला सारला आणि स्वतः बेल दाबली.

पदराला हात पुसत एक बाई बाहेर आली. "कितने लोग हो?"

"दो." प्रेमला म्हणाली. "ये मेरा लड़का, सुमेध." मग तिनं तेजरामचं मनगट धरलं आणि त्याला पुढे ओढलं. "और ये तेजराम. इसका आदमी."

तेजरामनं चमकून तिच्याकडे पाहिलं. बाईनं सुमेधकडे पाहिलं, मग तेजरामकडे, मग म्हातारीच्या हातातल्या काठीकडे. गल्लीतून भाजीचा ठेलेवाला ओरडत गेला. तो वळणाआड गेला.

"नॉनवेज बनाते हो?" बाईनं विचारलं.

"संडे को," प्रेमला म्हणाली. "तेजराम बनाता है. अच्छा बनाता है."