वाऱ्याच्या बाजूने

टोकावडे गाव मागे पडले तेव्हा संदेशच्या जर्सीत, पाठीवर आणि छातीवर, पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या होत्या. संघाच्या गाडीपर्यंत मागे जायचे, बाटल्या घ्यायच्या, पुन्हा घोळका गाठायचा आणि पहिली बाटली अद्वयच्या हाती द्यायची, हे काम तो सात वर्षे करत आला होता.

"घे."

अद्वयने बाटली घेतली आणि न पिताच सायकलला खोचून ठेवली.

"वारा उजवीकडून आहे," तो म्हणाला.

"मग मी कुठे आहे?" वारा अडवायला संदेश त्याच्या उजव्या अंगाला सरकला.

"तुझ्या लग्नातही तू असाच होतास. विनिता उन्हात आणि तू माझ्यावर सावली धरून."

संदेश हसला. हसू फार वेळ टिकले नाही.

शर्यतीचा हा शेवटचा टप्पा होता. सकाळी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून सुटलेले स्वार कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाटाच्या माथ्यावर पोहोचायचे होते, आणि तिथेच संदेश-अद्वयचा संघही संपणार होता. प्रायोजकाने हात काढून घेतला होता. मागच्या गाडीत व्यवस्थापक हरिहर सरांच्या शेजारी बेल्जियममधल्या एका संघाचा माणूस बसला होता. तो या संघातून एकालाच नेणार होता. कोणाला, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. संघाचे नाव अद्वयच्या पायांवर चालत होते.

संदेशसाठी मानपाड्याच्या एका कारखान्यात सासऱ्यांनी नोकरी पाहून ठेवली होती. सोमवारी रुजू व्हायचे होते. सकाळी डोंबिवलीच्या घरातून निघताना विनिता लेकीची, सान्वीची, वेणी घालत होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "सगळी वर्षं दुसऱ्याला वर चढवलंस. एकदा स्वतः चढ ना रे. एकदाच."

एक सत्य मात्र संदेशने कोणालाही, तिलाही, सांगितले नव्हते. गेली दोन वर्षे घाटात अद्वयच्या बरोबरीने राहण्यासाठी त्याला स्वतःचा वेग आवरावा लागत होता.

घाट सुरू झाला. पहिल्याच वळणांवर घोळका फुटला. पुण्याचे दोन स्वार सुटून पुढे गेले. संदेश त्यांच्या मागे अद्वयला ओढून नेण्याच्या तयारीत होता, तोच त्याच्या चाकामागचा आवाज लांबला. अद्वय मागे पडत होता.

संदेशने वेग कमी करून त्याला गाठू दिले. "काय झालं?"

"पाय गेले," अद्वय म्हणाला.

त्याचा आवाज शांत होता. शब्द सलग आले, मग तोंड मिटले. हरलेल्या माणसाची शांतता अशीच असावी, असे संदेशला वाटले.

"पुढे दोघंच आहेत. मी ओढतो ना. अजून पकडू आपण."

"नाही होणार. तू नुसता सोबत राहा. आज तरी माझी साथ सोडू नकोस."

'आज तरी' हे शब्द संदेशला बोचले. याआधी आपण ती कधी सोडली होती?

गाडी अगदी जवळ आली. बेल्जियमचा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर झुकला होता. त्याची नजर अद्वयवर नव्हती. ती संदेशवर होती. इतक्या वर्षांत गाडीतल्या कोणी त्याच्याकडे असे पाहिले नव्हते. मिटत चाललेले दार क्षणभर किलकिले व्हावे, तसे त्याला झाले.

तो पेडलवर उभा राहिला.

"संदेश!" मागून अद्वयने हाक मारली. एकदाच.

कानातल्या यंत्रात हरिहर सरांचा आवाज आला. "संदेश, मागे ये. अद्वयपाशी राहा. अरे, ऐक माझं, तुझ्या..."

त्याने यंत्र कानातून उपसले. ते छातीवर लोंबकळत राहिले.

बोगद्याच्या अलीकडे त्याने पहिला स्वार मागे टाकला, पलीकडे दुसरा. दोघांनीही त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले. समोर कोणाची पाठ नाही, असा रस्ता तो प्रथमच पाहत होता. माथ्यावरची रेषा ओलांडताना हात वर करायचे असतात हे त्याला आठवले, पण उशिरा आठवले.

कोणाचा तरी फोन घेऊन त्याने विनिताला लावला.

"पहिला आलो."

पलीकडे ती रडत होती. मग म्हणाली, "बाबांना सांगू? मानपाड्याला नाही म्हणून कळवतील ते."

"कळव," तो म्हणाला. "आत्ताच कळव."

गाडी आली. बेल्जियमचा माणूस उतरला, त्याने संदेशचा हात हातात घेऊन सौजन्याने दाबला आणि तो दुसऱ्या एका संघाच्या तंबूकडे चालू लागला. तिथे एक दमलेला पोरगा आपल्या कप्तानाच्या डोक्यावर पाणी ओतत होता. हरिहर सर गाडीतून उतरलेच नाहीत.

बऱ्याच वेळाने अद्वय आला. तोंड मिटलेले, छाती संथ. सायकल रेलिंगला टेकवून त्याने बाटली काढली. ती अजून भरलेलीच होती.

"चिडलास?" संदेशने विचारले.

"नाही."

"तुला न्यायचं ठरलं का त्यांचं?"

"मला कशाला नेतील? चढणारे त्यांच्याकडे आहेत. त्या चढणाऱ्यांचे पाय जातात तेव्हा त्यांच्यापाशी राहील, असा माणूस हवा होता त्यांना. तुझं नाव मी दिलं होतं. म्हणून तर मुद्दाम मागे पडलो. म्हटलं, बघू दे त्या माणसाला डोळ्यांनी."

संदेशच्या हातात तो परका फोन अजून तसाच होता. "मग मला सांगितलं का नाहीस?"

अद्वयने बाटली उघडली, पण ओठांना लावली नाही.

"तू थांबणारच होतास, संदेश. त्यात सांगायचं काय होतं?"