जुनीच यादी

"काका, तुमच्या पोरीची जागा माझ्यामुळं गेली," चहा ओठाला लावायच्या आतच सुमितनं सांगून टाकलं.

कल्याणरावांनी हातातली बशी खाली ठेवली. आतल्या खोलीत दैवशाला आईला भिंतीला टेकवून बसवत होती. झुंबरबाईंचं डावं अंग दिवाळीपासून लुळं पडलं होतं. त्यांचं उठवणं-बसवणं, भरवणं, अंघोळ, सगळं पोरीच्याच अंगावर होतं. ओढणीला हात पुसत ती ओसरीत आली.

"म्हंजी कसं, सर?"

जाफराबादपासून जीपमध्ये सुमितनं सोपे शब्द जुळवत आणले होते. आता एकही आठवेना. जाफराबादच्या नर्सिंग कॉलेजची वेबसाइट त्यानंच बनवलेली. प्रवेशाची यादी तिथं दर वेळी ताज्या माहितीतून नव्यानं तयार व्हायची, पण फाइलचं नाव तेच राहायचं. खेड्यात नेट रखडतं, म्हणून एकदा उघडलेली फाइल ब्राउझरनं आठ दिवस स्वतःजवळ जपून ठेवावी, अशी सोय त्यानं मोठ्या हौसेनं केली होती. फोटो नि फॉर्म यांच्यासाठी ते झकास होतं. यादीलाही तोच नियम लागू झाला, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? त्याच्या लॅपटॉपवर हे जपून ठेवणं कायमचं बंद, त्याला सदा ताजीच यादी दिसायची. आपल्याला दिसतं तेच जगाला दिसतं, असं धरून चालणारे शहाणे काही कमी नाहीत. त्यात हा एक.

आणि पिंपळगाव रेणुकाईत अर्ध्या गावाचा ऑनलाइन कारभार चालायचा रूपालीच्या सेवा केंद्रातल्या एकाच संगणकावर.

"पहिली यादी तुम्ही तिथं उघडून बघितली. त्यात तुमचं नाव नव्हतं," सुमित म्हणाला. "चार दिवसांनी दुसरी लागली, तिच्यात होतं. पण रूपालीताईंच्या संगणकानं कॉलेजला विचारलंच नाही. जवळची जुनीच काढून दाखवली."

"मी तीनदा गेल्ते," दैवशाला हळूच म्हणाली. "तिन्ही बारीला रूपाली म्हणली, न्हाई गं तुझं नाव. मंग नादच सोडला."

तीनदा! सुमितची मान आणखी खाली गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. कॉलेजात हजर व्हायची मुदत टळल्यावर यादी आपोआप बदललेली पाहून रूपालीनं त्याला घाबरत फोन केला होता. दैवशालाला सांगायची तिची हिंमत झाली नाही. तेव्हापासून पंधरा दिवस त्याला घास गोड लागला नव्हता. एका पोरीचं आयुष्य आपण अडवलं, आणि तेही हुशारी दाखवायच्या नादात, हे त्याला सहन होत नव्हतं.

"कॉलेजच्या गेटावरबी लावली होती म्हणं यादी," दैवशाला म्हणाली. "पण आमच्यातलं कोण जातंय तिकडं?"

कल्याणराव बशीतल्या चहाकडं बघत राहिले. त्यावर साय धरली होती.

"अजून वेळ गेलेली नाही," सुमित घाईनं म्हणाला. "मी संस्थेच्या लोकांशी भांडलो. एक मुलगी सोडून गेली, ती जागा तुम्हाला द्यायला तयार झालेत. उद्या दुपारपर्यंत हजर व्हायचं."

दैवशालानं तोंडावर हात धरला. हसू आणि रडू एकदमच आलं. "आई, ऐकलं का!" म्हणत ती आत पळाली.

"हॉस्टेल हाये तिथं," कल्याणराव म्हणाले. "घरून येणं-जाणं चालत न्हाई."

"बरोबर, काका. तीन वर्षं तिथंच राहावं लागेल. आणि तुमची एक सही." सुमितनं पिशवीतून कागद काढला.

"वाचा."

"वेबसाइटच्या चुकीमुळं दुसरी यादी आम्हाला दिसली नाही. मुदत संपेपर्यंत ती आम्हाला दुसऱ्या कोणत्याही मार्गानं कळली नव्हती. हे मी खरं लिहून देत आहे."

"परत वाचा."

सुमितनं परत वाचलं. म्हातारा आपल्यावर चिडलाय, असं त्याला वाटलं. चिडायलाच पाहिजे. दोन शिव्या हासडल्या असत्या तर उलट बरं वाटलं असतं.

दैवशाला पेन घेऊन आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा फुलला होता. "करा ना सही, अण्णा. आई म्हणती, जा तू. सगुणामावशीला बोलावून घेऊ म्हणती. मावशी तर दिवाळीपासनं येते येते म्हणून राह्यली."

"सगुणाबाई येती म्हणली?"

"कवाच! तुमालाच तर फोन केल्ता तिनं."

कल्याणरावांनी पेन घेतला. आतून झुंबरबाईंचा जड जिभेचा आवाज आला, "करा... करा."

"काका, चूक माझी आहे, तुमची नाही," सुमित म्हणाला. "मोकळ्या मनानं करा."

पेनाचं टोक कागदावर टेकलं, तिथंच थांबलं. मग कल्याणरावांनी पेन उचलून सुमितच्या हातात दिला.

"दैवा," पोरीकडं न बघता ते म्हणाले, "बियाणं आणायला जाफराबादला गेल्तो ना, तवा गेटावरची यादी म्या वाचली होती. सातवं नाव तुझंच होतं."