चार नंबरचं रक्त

चार नंबरच्या पेशींनी आजही दाद दिली नाही. संशोधक विद्यार्थिनी दारारातने ताटली टेबलावर आपटली.

ही सहावी खेप. बाकीच्या रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींत एचआयव्ही बिनदिक्कत शिरत होता. आधी बाहेरची एक कडी धरायची, मग दुसरी, दार उघडलं की आत जाऊन स्वतःची नक्कल काढायची. चार नंबरमध्येही तो आत जात होता, पण नक्कल काही निघत नव्हती. तुलनेसाठी दारारात बाकीच्यांच्या पेशींच्या एका ताटलीत विषाणूला अडवणारं औषध घालून ठेवायची. ती ताटली आणि चार नंबरची, दोन्ही अगदी सारख्या दिसायच्या.

“औषध सांडलंस त्यात,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. “शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर शिष्यवृत्ती विसर.”

तिचा राग निघाला तो पा बुआलोयवर. पा म्हणजे सगळ्या लॅबची मावशी. रक्त काढणं, नळ्यांवर नंबर चिकटवणं, भांडी धुणं, सगळं तिच्याकडे.

“पा, भांडी नीट धुता ना? की डोळे झाकून?”

“धुते गं पोरी. तुझे हातही चांगले आहेत. तू चार नंबर सोडून दे.”

“भांडी धुणाऱ्यांनी मला संशोधन शिकवू नये!”

पाने चिकट भाताचा शेवटचा घास खाल्ला, रोजच्यासारखी रक्तदाबाची गोळी घेतली आणि डबा धुवायला गेली. आपण फार बोललो, हे दारारातला कळलं, पण माफी मागायला तोंड उघडेना.

च्यांगमाईच्या त्या लॅबमध्ये रक्त घरचंच, म्हणजे तिथं काम करणाऱ्यांचंच असायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे बाह्या वर करून रांगेत बसत आणि पाचा हात सगळ्यांत पुढे असे. बाहेरच्यांची तपासणी व्हायची, फॉर्म भरायचे. घरच्यांची कसली चौकशी? एकदा ड्रायव्हरने रक्त द्यायला नकार दिला, तर अख्खी इमारत महिनाभर ‘का रे बाबा?’ विचारत होती.

बुधवारी दारारात जागची उठलीच. चूक नसेलच तर? चार नंबरच्या रक्तात जन्मजात संरक्षण असेल तर?

सरांचा चेहरा खुलला. “शुक्रवारी सगळ्यांसमोर मांड. बँकॉकहून लोक येतायत.”

“पा, चार नंबर कोण ते सांगा ना! देव आहे तो माणूस.”

“नाव सांगायचं नाही, हा तुमचाच नियम.”

“नियम गेला खड्ड्यात. माझं सगळं शिक्षण त्या माणसावर अडलंय!”

पा भांडी पुसत राहिली.

गुरुवारी दुपारी दारारात तुलनेच्या ताटलीत औषध घालत होती. पा आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

“उद्या ते मांडू नकोस. जाणत्या लोकांत तुझं हसं होईल.”

“पुन्हा तेच? पा, मला खरंच वीट आलाय!”

पाने डब्याच्या पिशवीतून रक्तदाबाच्या म्हणून ती रोज घ्यायची त्या गोळ्यांची छोटी बाटली काढली आणि तिच्यासमोर ठेवली. दारारातने चिडूनच लेबल वाचलं. मग स्वतःच्या हातातल्या बाटलीवरचं वाचलं. नाव एकच होतं.

“बारा वर्षं झाली या गोळ्यांना, पोरी,” पा म्हणाली. “रक्त द्यायला नाही म्हटलं असतं, तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं.”